एसएमसीची सवलत घेताना या चुका टाळा

‘कंपनी लघु व मध्यम आकाराची, म्हणजे एसएमसी आहे’ हे वाक्य ताळेबंदाच्या टिपांमध्ये बऱ्याचदा गेल्या वर्षीच्या फाइलमधून जसंच्या तसं पुढे येतं. कंपनी (लेखा मानके) नियम, २०२१ मधली सवलत, म्हणजे हिशेब मांडण्याच्या काही मानकांतून मिळणारी सूट, लहान कंपनीचा खर्च आणि वेळ खरोखर वाचवते. पण कंपनी त्या व्याख्येत बसते का, हे दरवर्षी नव्याने तपासावं लागतं.

एसएमसी ठरण्यासाठी लगतच्या आधीच्या वर्षाची उलाढाल, इतर उत्पन्न सोडून, २५० कोटींपेक्षा जास्त नको आणि त्या वर्षात कर्ज कोणत्याही दिवशी ५० कोटींच्या वर गेलेलं नको. सगळ्यात मोठी चूक या दुसऱ्या अटीत होते, कारण अकाउंटंट ३१ मार्चची बाकी बघून मोकळा होतो. समजा, भोसरीतल्या एका कंपनीची उलाढाल १८० कोटी आहे. मार्चअखेर वसुली येते, सीसी (बँकेचं कॅश क्रेडिट कर्ज) खाली येतं आणि एकूण कर्ज ३८ कोटी दिसतं. दिवाळीआधी माल भरताना मात्र तेच ५३ कोटींवर गेलेलं असतं. पुढच्या वर्षाच्या हिशेबासाठी ही कंपनी एसएमसी राहत नाही. म्हणून सीसी, टर्म लोन, ठेवी आणि संचालकांकडून घेतलेलं कर्ज यांची वर्षभराची एकत्रित बाकी काढा, सर्वांत जास्त बाकीचा दिवस शोधा आणि तो तक्ता ऑडिट फाइलला लावा.

शेअर बाजारात नोंदलेली किंवा नोंदणीच्या वाटेवर असलेली कंपनी, बँक, वित्तीय संस्था आणि विमा कंपनी यांना ही सवलत नाही. आपली होल्डिंग किंवा सबसिडियरी कंपनी एसएमसी नसेल, तर आपणही नाही.

उद्यम प्रमाणपत्र आहे म्हणजे आपण एसएमसी, हा समज चुकीचा आहे. ते एमएसएमई कायद्याखालचं वर्गीकरण, त्याचे निकष वेगळे. कंपनी कायद्यातली ‘स्मॉल कंपनी’ ही आणखी तिसरी गोष्ट. ती खासगीच असावी लागते आणि तिच्या भांडवल-उलाढालीच्या मर्यादा बऱ्याच खाली आहेत. या गोंधळाचा फटका कॅश फ्लो स्टेटमेंटला (रोख आवक-जावकीच्या पत्रकाला) बसतो. त्यातून सुटका स्मॉल कंपनी, एकल व्यक्ती कंपनी, निष्क्रिय कंपनी आणि खासगी स्टार्टअप कंपनीला आहे. वरच्या १८० कोटींच्या कंपनीचं कर्ज कायम ५० कोटींच्या आत राहिलं असतं, तरी तिला ते स्टेटमेंट करावंच लागलं असतं.

ग्रॅच्युइटीबद्दल मला विशेष कळकळीने सांगायचं आहे, कारण इथे कामगारांच्या हक्काचे पैसे आहेत. ‘आम्ही एसएमसी, ग्रॅच्युइटी देऊ तेव्हा खर्ची टाकू’ हे चालत नाही. एएस १५ मध्ये (एएस म्हणजे लेखा मानक; १५ वं कर्मचाऱ्यांच्या लाभांचं) सूट मिळते ती मोजण्याच्या पद्धतीत आणि काही खुलाशांत. तरतूद करावीच लागते. वर्षात सरासरी ५० पेक्षा कमी कर्मचारी असतील, तर ॲक्च्युअरीशिवाय (अशा देण्यांचं गणित मांडणाऱ्या तज्ज्ञाशिवाय) इतर तर्कसंगत पद्धत चालते. उदाहरणार्थ, वर्षाच्या शेवटच्या दिवशी सगळ्यांना ग्रॅच्युइटी द्यायची वेळ आली तर किती लागेल, तेवढी रक्कम धरा. सरासरी ५० किंवा त्याहून जास्त असेल, तर ॲक्च्युअरी हवाच.

सेगमेंट रिपोर्टिंग, म्हणजे व्यवसायाच्या विभागांनुसार माहिती देणं (एएस १७), एसएमसीला लागू नाही, डायल्युटेड ईपीएसही (संभाव्य नवे शेअर धरून काढलेली प्रति शेअर कमाई) दाखवावा लागत नाही. पण त्या ओघात संबंधित पक्षांचे व्यवहार (एएस १८) आणि डिफर्ड टॅक्स (एएस २२) गाळू नका. ते पूर्ण लागू आहेत.

आधी एसएमसी नसलेली कंपनी मर्यादेत परत आली, तरी सवलत लगेच सुरू होत नाही. सलग दोन हिशेबी वर्षं एसएमसी राहावं लागतं. उलट आधीच्या वर्षात मर्यादा ओलांडली, तर चालू वर्षापासून सगळी मानकं पूर्ण लागू होतात. त्या कारणासाठी गेल्या वर्षीचे आकडे मात्र बदलावे लागत नाहीत. गेल्या वर्षी आपण एसएमसी होतो, एवढं टिपेत लिहा. आणि सगळ्या न घेता काही मोजक्याच सवलती घेतल्या असतील, तर कोणत्या मानकातली सवलत घेतली हेही त्याच टिपेत यायला हवं.