धान्याला डायटोमाइट भुकटी लावताना या चुका टाळा

डायटोमाइट भुकटी, म्हणजेच डायटोमेशियस अर्थ, ही डायटम या सूक्ष्म शैवालाच्या सिलिकायुक्त कवचांची भुकटी. किड्याच्या अंगावर मेणाचा पातळ थर असतो. भुकटी तो शोषून घेते, मग अंगातले पाणी उडून किडा वाळून मरतो. म्हणून "भुकटी लावली तरी पोरकिडे आहेतच" अशी तक्रार आली की आधी ओल तपासावी.

गहू-ज्वारीतला ओलावा 12 टक्क्यांच्या आत हवा. मीटर नसेल तर दाणा दाताखाली धरा: कडकन फुटला पाहिजे, दबता कामा नये. उन्हातून उचललेले गरम धान्य लगेच पत्र्याच्या कोठीत भरू नका. रात्री पत्रा गार पडला की आत घाम धरतो. वाळवलेला कडुलिंबाचा पाला चालेल, ओला नको.

एरंडेल चोळलेल्या गव्हाला वरून भुकटी लावणे ही आपल्याकडची खास चूक. भुकटी तेलानेच भरून जाते, मग किड्याचे मेण काय शोषणार? दोन्हींपैकी एकच करा. पाण्यात कालवून लावण्यातही अर्थ नाही.

प्रमाण पाकिटावर असते. साधारण क्विंटलला 100 ग्रॅम धरा. पोत्याच्या तोंडाशी मूठभर टाकून भागत नाही. ताडपत्रीवर 20-25 किलोचा ढीग करा, भुकटी भुरभुरवा, फावड्याने चार-पाच वेळा उलटापालट करा. रिकाम्या कणगीच्या भेगांतही मारा. नाका-तोंडाला मास्क बांधा.

दुसऱ्या दिवशी किडे चालताना दिसले म्हणून आणखी भुकटी ओतू नका. मरायला आठवडा-दोन आठवडे लागतात. सोंड्याची अळी तर दाण्याच्या आतच वाढते, तिला भुकटी लागतच नाही. महिनाभराने प्रौढ बाहेर पडतो, तेव्हा सापडतो. आधीच भोके पडलेल्या धान्यावर हा उपाय करणे म्हणजे उशीर झालाच. खापरा भुंगेऱ्याच्या केसाळ अळीवरही परिणाम फारसा नाही.

कडधान्याचे गणित वेगळे. भुंगा शेतातच शेंगेवर अंडी घालतो, आणि अळी अंड्याखालूनच थेट दाण्यात शिरते. तूर-मूग मळून वाळले की त्याच आठवड्यात भुकटी लावा.

सगळ्यात घातक चूक दुकानात होते. जलतरण तलावाच्या फिल्टरसाठी मिळणारी भुकटी भट्टीत भाजलेली असते. तिच्यातला स्फटिकी सिलिका फुप्फुसांना बाधतो आणि किड्यांवरही ती कमी चालते. साठवणीच्या धान्यासाठी असल्याचे पाकिटावर स्पष्ट लिहिलेली, न भाजलेली भुकटीच घ्या. बोरिक पावडर तर वेगळीच वस्तू: ती पोटात जाऊन मारणारे विष आहे, खायच्या धान्यात नको.

विकायच्या मालाला लावण्याआधी व्यापाऱ्याला विचारा. भुकटीमुळे दाणे एकमेकांवरून नीट घसरत नाहीत, त्यामुळे तेवढ्याच मापात वजन कमी भरते आणि भाव पडतो. घरच्या वापराचे धान्य दळणाआधी चाळून, पाखडून घ्या, डाळ-तांदूळ धुवा.