‘हार्डली’ वापरताना या चुका टाळा

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींतल्या कंपन्यांत इंटरव्ह्यूला जाणारी कितीतरी मुलं स्वतःबद्दल सांगताना म्हणतात, ‘सर, आय वर्क हार्डली.’ त्यांना म्हणायचं असतं, मी खूप मेहनत करतो. समोरच्याला ऐकू येतं, मी काम जवळजवळ करतच नाही. मुलगा खरोखर कष्टाळू असतो आणि एका ‘ली’पायी त्याचं बोलणं उलटं होतं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण ही चूक पाच मिनिटांत सुटण्यासारखी आहे.

तिचं मूळ शाळेतल्या नियमात आहे. विशेषणाला ‘ली’ लावलं की क्रियाविशेषण होतं: स्लो-स्लोली, क्विक-क्विकली. मग हार्डचं हार्डली का नाही? कारण ‘हार्ड’ स्वतःच क्रियाविशेषण म्हणूनही चालतं. ‘शी वर्क्स हार्ड’, बस्स. ‘फास्ट’चंही तसंच, ‘फास्टली’ कुणी म्हणत नाही. ‘लेट’ला मात्र ‘ली’ लावलं की ‘अलीकडे’ असा वेगळाच अर्थ निघतो, म्हणून ‘आय केम लेटली’ही नको.

एकेकाळी ‘हार्डली’चा अर्थ ‘जोरानं, धीटपणे, कठोरपणे’ असाच होता. जुन्या इंग्रजीपासून हा शब्द आहे. पुढे तो ‘कष्टानं, अडचणीनं’ या अर्थाला आला आणि सोळाव्या शतकापासून ‘जेमतेम’ या अर्थानं रुळू लागला. आपल्याला हे चटकन कळायला हवं, कारण मराठीतही हेच झालंय. ‘सभेला मुश्किलीनं दहा माणसं आली’ म्हणताना त्या दहा जणांना यायला त्रास पडला, असं आपल्याला म्हणायचं नसतं. माणसं फारच कमी होती, एवढंच.

‘हार्डली’त नकार आधीच भरलेला असतो. त्यामुळे ‘आय डोन्ट हार्डली गो टू पंचवटी’ चुकीचं. ‘आय हार्डली एव्हर गो टू पंचवटी’ बरोबर. ‘हार्डली नो वॉटर’ नाही, ‘हार्डली एनी वॉटर’. क्वेश्चन टॅगही होकारार्थी लागतो: ‘ही हार्डली कम्स हिअर, डझ ही?’ टॅगमधला हा मार्क बोर्डाच्या पेपरात हमखास जातो.

त्याच पेपरातली दुसरी खोड म्हणजे ‘हार्डली’पुढे ‘दॅन’ लिहिणं. ‘दॅन’ येतं ‘नो सूनर’बरोबर, कारण ‘सूनर’मध्ये तुलना आहे. ‘हार्डली’ला ‘व्हेन’ लावा: ‘हार्डली हॅड द ट्रेन लेफ्ट नाशिक रोड व्हेन इट स्टार्टेड रेनिंग.’ सुरुवातीला ‘हार्डली’ आलं की ‘हॅड’ कर्त्याच्या आधी जातं, हेही विसरू नका.

आपल्या बोलण्यात ‘सीबीएसवरून (मध्यवर्ती बसस्थानकावरून) हार्डली दहा मिनिटं’ म्हणजे फार तर दहा मिनिटं. मराठीत खुशाल म्हणा. इंग्रजीत मात्र त्याचा रोख ‘पुरती दहासुद्धा नाहीत’ असा होतो. फार तर म्हणायचं असेल तर ‘अ‍ॅट मोस्ट टेन मिनिट्स’.

सगळ्यात जपायचं ते व्यवहाराच्या पत्रात. निफाड-दिंडोरी पट्ट्यातली द्राक्षं युरोपात जातात आणि खरेदीदाराशी ईमेल इंग्रजीतून चालतात. काढणीच्या तोंडावर रात्री पाऊस झोडपून गेला, मणी तडकले, आणि घाईत लिहिलं ‘इट हार्डली रेन्ड लास्ट नाइट’, तर खरेदीदार समजणार की पाऊस नावालाच झाला, माल ठणठणीत आहे. पुढे कंटेनर उघडल्यावर वाद होणार, आणि लिहिलेला पुरावा बागायतदाराच्याच विरोधात जाणार. म्हणून पाठवण्याआधी ‘हार्डली’च्या जागी ‘जेमतेम’ घालून वाक्य मनात वाचा. ‘पाऊस जेमतेम झाला’ हे खोटं असेल, तर शब्द बदला. लिहा: ‘इट रेन्ड हार्ड लास्ट नाइट. सम बेरीज हॅव क्रॅक्ड.’ सोबत घडांचे फोटो जोडा.