ग्नॅफोसिडीतला कोळी खरंच नवीन आहे का, ते कसं ठरवायचं आणि कसं लिहायचं

रंगावरून "नवीन स्पीशीज (प्रजाती) सापडली" म्हणणाऱ्यांनी आधी जरा दम धरा. दगडाखाली, पालापाचोळ्यात राहणारे ग्नॅफोसिडी फॅमिलीतले हे कोळी बरेचसे नुसते काळे नाहीतर मातकट, फोटोवरून फार तर जीनस (जवळच्या स्पीशीजचा गट) कळेल, तोही नशीब असेल तर.

नमुना अल्कोहोलमध्ये, लेबल पेन्सिलीने (बॉलपेनची शाई उतरते), डीएनएसाठी एक पाय ९५ टक्के अल्कोहोलमध्ये वेगळा. फॅमिली ओळखणं सोपं: पुढचे स्पिनरेट (रेशीम सोडणारे अवयव) नळीसारखे आणि एकमेकांपासून लांब, मागच्या ओळीतले मधले दोन डोळे बहुतेक वेळा लंबगोल, तिरपे. मागच्या पायांच्या मेटाटार्ससवर (शेवटून दुसरा भाग) केसांचा कंगवा दिसला तर झेलोटीस या जीनसच्या गोतावळ्यात शोधा.

आता खरी डोकेदुखी. स्पीशीज ठरते ती नराच्या पाल्पवर (तोंडाजवळचा पायासारखा अवयव, मीलनासाठी वापरतो तो) आणि मादीच्या एपिजाइनवर (पोटाखालचा जननेंद्रियाचा कडक भाग), आणि तेही पूर्ण वाढलेल्या कोळ्याच्या. शेवटची कात टाकायची राहिलेल्या मादीचं एपिजाइन अर्धवट दिसतं, त्यावरून काहीही लिहू नका, प्लीज. मीही इथेच सगळ्यात जास्त अडकायचो. एपिजाइन बारीक सुईने सोडवून घ्या, आतल्या नळ्या दिसायला आधी लवंग तेल वापरून बघा. लोक सरळ कॉस्टिक पोटॅशमध्ये (मांस विरघळवणारं क्षार) टाकून गरम करतात आणि मग पातळ नळ्या गायब झाल्या की रडतात, वापरायचंच असेल तर दर थोड्या वेळाने मायक्रोस्कोपखाली बघत राहा. वरून कधीकधी घट्ट चिकट प्लग बसलेला असतो, मीलनानंतरचा, तो न काढता चित्र काढलंत तर तुम्ही प्लगचं वर्णन केलंत, कोळ्याचं नाही.

आणि कोन! एपिजाइन जरा कललं की कडा रुंद दिसते, नळीचं वळण बदलतं, आणि तेवढ्यावर लोक नवीन स्पीशीज उभी करतात. वाळूच्या बारीक कणांत रोवून सपाट बसवा, हलवून परत बसवा, दोन्ही वेळा तेच दिसलं तरच पेन्सिल उचला. पाल्प डावा घ्या, खालून आणि बाहेरच्या बाजूने असे दोन्ही व्ह्यू काढा, फुगलेल्या पाल्पची तुलना न फुगलेल्याशी करू नका. नर-मादी एकाच दगडाखाली मिळाले म्हणून जोडी लावू नका, सीओआय (ओळखीसाठी वापरतात तो डीएनएचा तुकडा) जुळतंय का बघा.

मग वर्ल्ड स्पायडर कॅटलॉगमधून (जगभरच्या कोळ्यांची ऑनलाइन यादी) त्या जीनसची सगळी जुनी वर्णनं काढा. सगळी म्हणजे सगळी, शेजारच्या देशांतलीसुद्धा, कोळ्याला बॉर्डर कळत नाही. शंका राहिली तर टाइप नमुना (ज्यावरून जुनं नाव दिलं तो मूळ नमुना) मागवा. डायग्नोसिसमध्ये (ओळख पटवणाऱ्या फरकांच्या भागात) "यापेक्षा वेगळी" एवढंच लिहून भागत नाही, सगळ्यात जवळची स्पीशीज कोणती आणि एम्बोलसचं (पाल्पमधली शुक्राणू सोडणारी नळी) टोक, पाल्पच्या टिबियावरचा (पाल्पचा एक भाग) काटा यांत नेमका फरक काय ते लिहा.

मापं मिलिमीटरमध्ये, होलोटाइप (नवीन नावाचा मुख्य नमुना) म्युझियममध्ये, पेपर फक्त ऑनलाइन येणार असेल तर झूबँकची (प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची नोंदवही) नोंदणी आधी. स्पीशीजचं नाव विशेषण असेल तर जीनसशी लिंग जुळवा: ग्नॅफोसा स्त्रीलिंगी, झेलोटीस पुल्लिंगी.