जीनोम अपलोड करण्याआधी या चुका टाळा

विषाणूचे जीनोम (संपूर्ण जनुकीय क्रम) गिसेड किंवा जेनबँक या डेटाबेसमध्ये टाकणारी माणसं बदलतात, चुका मात्र त्याच.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे मोकळ्या जागा रेफरन्सने, म्हणजे तुलनेसाठी धरलेल्या मूळ जीनोमने, भरणं. जिथे रीड्स (यंत्राने वाचलेले तुकडे) आलेच नाहीत तिथे ‘एन’, म्हणजे ‘माहीत नाही’, हवा. पण कोरोनाच्या २९,९०३ बेसमध्ये (अक्षरांमध्ये) एनचे पट्टे दिसले की नवख्यांना कमीपणा वाटतो, आणि तिथे वुहानचा रेफरन्स चिकटवला जातो. डेल्टाच्या लाटेत यानेच घोळ घातला. आर्टिक या गटाच्या व्ही३ प्रायमर संचातला (प्रायमर म्हणजे जीनोमचा तुकडा वाढवायला लागणारे छोटे डीएनए) ७२ क्रमांकाचा अँप्लिकॉन, म्हणजे वाढवलेला तुकडा, डेल्टात नीट वाढत नव्हता, कारण त्याचा एक प्रायमर बसतो तिथेच डेल्टात काही बेस गळाले होते. २१९८७ व्या जागेवरचा बदल, म्हणजे स्पाइक प्रथिनातला जी१४२डी, याच तुकड्यात आणि शेजारच्या ७३ च्या प्रायमरखाली येतो. त्या भागाचं कव्हरेज (प्रत्येक बेसवरच्या रीड्सची संख्या) कोसळलं. जिथे रेफरन्स भरला किंवा प्रायमर छाटायचा राहिला, तिथे बदल गायब! वंशवृक्षावर पाहावं तर तो जागोजागी उलटलेला, म्हणजे मूळ रूपात परतलेला, दिसे. जून २०२१ मध्ये व्ही४ संच आला, पण जुने सिक्वेन्स तसेच राहिले. म्हणून आधी प्रायमर छाटा, मग बदल शोधा. इल्युमिना यंत्राला १० आणि नॅनोपोर यंत्राला २० पेक्षा कमी रीड्स असतील तिथे सरळ एन घाला. ५ टक्क्यांवर एन गेले तर गिसेड कमी कव्हरेजचा शेरा मारतं. मारू दे.

दुसरी चूक तारखेची. इथे नमुना घेतल्याची तारीख लागते, सिक्वेन्सिंगची नव्हे. ०३/०४ म्हणजे मार्च की एप्रिल हे एक्सेल परस्पर ठरवतं, तेव्हा रकाना आधीच टेक्स्ट करून २०२२-०१-०७ असं लिहा. जानेवारीत हात सवयीने जुनं वर्ष लिहितो, आणि ओमिक्रॉन सापडण्याच्या कितीतरी आधीचा ओमिक्रॉन तयार होतो. दिवस माहीत नसेल तर वर्ष-महिन्यावर थांबा. उगाच १ तारीख ठोकू नका.

फास्टाचं (सिक्वेन्सच्या फाइलचं) शीर्षक आणि मेटाडेटातलं (नमुन्याच्या माहितीतलं) नाव अक्षरशः सारखं हवं. एक जादा स्पेससुद्धा नडते.

फ्रेमशिफ्टचा, म्हणजे बेस कमीजास्त होऊन प्रथिनाची वाचनचौकट सरकल्याचा, इशारा आला की ‘खरंच आहे’ असं कळवून मोकळं होणं हा शुद्ध आळस. नॅनोपोरमध्ये एकाच बेसच्या सलग रांगेत खोटे इंडेल (बेस वाढणं किंवा गळणं) येतातच. बॅम फाइल (रेफरन्सशी जुळवलेले रीड्स) आयजीव्ही या प्रोग्रॅममध्ये उघडून डोळ्यांनी बघा.

कच्चे रीड्स देताना माणसाचे रीड्स आधी गाळा.

नमुने फक्त उद्रेकातले असतील तर तसं नोंदवा, नाहीतर कुणीतरी त्यावरून व्हेरियंटची टक्केवारी काढणारच.

आणि गिसेडवरून उतरवलेले दुसऱ्यांचे सिक्वेन्स खुल्या भांडारात टाकू नका. करारात ते बसत नाही.