सत्यकथेवरील बेसबॉलपट: मैदान, नट आणि नावे
सत्यकथेवर बेसबॉलपट करायचा असेल, तर नटांच्याही आधी मैदान शोधावे. अमेरिकेच्या मेजर लीग या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेतील वर्णभेदाची भिंत मोडणारे कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिनच्या ज्या एबेट्स फील्डवर उतरले, ते १९६० मध्ये पाडले गेल्यामुळे त्यांच्यावरील ‘४२’ (२०१३) या चित्रपटासाठी टेनेसीतील चॅटनूगा येथील जुने एंगेल स्टेडियम निवडण्यात आले आणि ग्रीन स्क्रीनच्या आधारे उरलेले प्रेक्षागार संगणकावर उभे राहिले. खेळाडूंच्या भूमिकांसाठी मात्र हा खेळ अंगवळणी पडलेलीच माणसे घ्यावीत, कारण खोटी फेक जाणकाराच्या नजरेतून सुटत नाही. ‘मनीबॉल’मध्ये (२०११) मिगेल तेहादा या खऱ्या खेळाडूची भूमिका साकारणारे रॉयस क्लेटन स्वतः माजी व्यावसायिक शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) होते. एखाद्या खऱ्या व्यक्तीला आपले नाव पडद्यावर नको असेल, तर त्याच चित्रपटातील पीटर ब्रँड या पात्राप्रमाणे काल्पनिक नाव द्यावे.