चिंतेवर जप-प्राणायाम करताय? या चुका टाळा

छातीत धडधड, झोपेचं खोबरं, आणि शेजारचे काका सांगतात, "कपालभाती कर, सगळं जाईल." घोळ इथूनच सुरू होतो.

कपालभाती, भस्त्रिका हे वेगाचे प्रकार. श्वास भराभर टाकला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, हातापायांना मुंग्या येतात, गरगरतं. ज्याला पॅनिक अटॅक येऊन गेलाय त्याला हे अगदी तसंच वाटतं आणि तो आणखीच घाबरतो. त्याने संथ श्वास धरावा, मिनिटाला साधारण ६, सोडताना लांब. मोजत बसायला नको. २००१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की लॅटिनमधली रोझरी (ख्रिस्ती लोकांची जपमाळेची प्रार्थना) म्हणा किंवा 'ॐ मणि पद्मे हुम्', श्वास आपसूक याच लयीत येतो. तेव्हा नाम सावकाश, ऐकू येईल असं म्हणा. '११ माळा झाल्याच पाहिजेत' म्हणून मणी पळवले की श्वासही पळतो. (जप मोजणारी ॲप मला म्हणूनच आवडत नाहीत.)

दुसरा घोळ ब्रह्ममुहूर्ताचा. सूर्योदयाआधी ९६ मिनिटांपासून ४८ मिनिटांपर्यंतची ही वेळ सुरेखच, पण रात्री साडेबाराला मोबाइल खाली ठेवणाऱ्याने साडेचारचा गजर लावला तर ते निव्वळ जागरण, आणि अपुऱ्या झोपेने चिंता वाढतेच. आधी झोपायची वेळ अलीकडे आणा, रोज थोडी थोडी. उठायची वेळ रविवारीही तीच ठेवा. उजाडल्यावर गच्चीत जा, कारण शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं. तुळशीला पाणी घालणाऱ्या आजीला तो आयताच मिळायचा. उठल्यावर अर्धा-पाऊण तास कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, चढतंच. तेवढ्या वेळात जीव घाबरा झाला म्हणून साधना फसली असं समजू नका.

उपवासाला रिकाम्या पोटी चार कप चहा नको. त्यानेही धडधड होते.

डोळे मिटून बसलं की काहींना जास्तच कासावीस वाटतं. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत, दिव्याकडे पाहावं, नाहीतर चालता चालता नाम घ्यावं.

आणि जप सुरू केला म्हणून डॉक्टरांना न विचारता गोळ्या थांबवू नका. झोपेच्या, चिंतेच्या काही गोळ्या एकदम सोडल्या तर त्रास उलटून येतो. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा १४४१६ वर आहे.