शहरासाठी संगीताचं काही करायचंय? मग स्टेज सगळ्यात शेवटी

नगरपालिकेकडे थोडा निधी आला की आयडिया ठरलेलीच असते, अमुक-तमुक महोत्सव, मोठा स्टेज, मुंबईहून आणलेला गायक, चौकाचौकात फ्लेक्स, आणि दोन दिवसांत सगळा पैसा मंडपवाला अन् साउंडवाला घेऊन जातो. शहराच्या हातात काय, तर फोटो. त्यापेक्षा उलटीकडून सुरू करा.

आधी एक वही घ्या आणि शहरात फिरा. क्लास घेणारे, तबल्याला शाई लावणारे, हार्मोनियम दुरुस्त करणारे, लग्नातले बँडवाले, भजनी मंडळं, कुलूप लागलेलं नाट्यगृह, सगळं लिहून काढा. यादी बनवतानाच कळतं आपल्याकडे काय आहे ते.

मिरजेचं बघा. बाहेरच्या माणसाला मिरज म्हणजे रेल्वे जंक्शन आणि दवाखाने, पण तिथल्या गल्लीत बनलेले तानपुरे देशभर वाजतात. एकेकाळी हत्यारं घडवणारी शिकलगार घराणी 19व्या शतकात वाद्यांकडे वळली, ती आजपण तेच करतात. आता एक तानपुरा विकला गेला की पैसा कुठे कुठे जातो बघा, भोपळा पिकवणारा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा शेतकरी, लाकूडवाला, नक्षीवाला, पॉलिशवाला, जवारी काढणारा (म्हणजे तारांखालची घोडी घासून सुराला झंकार आणणारा), शेवटी पॅकिंग आणि ट्रान्सपोर्ट. शहराचा विकास म्हणतात तो हाच ना? 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला, छानच झालं, पण नुसत्या टॅगनं गिऱ्हाईक येत नाही हो. स्टेशनवर ठळक बोर्ड हवा, दुकानांचा नकाशा हवा, आणि जवारी कशी काढतात ते बाहेरच्याला बसून बघता येईल अशी एखादी जागा हवी. तुमच्याकडे असे कारागीर असतील तर आधी त्यांनाच विचारा अडचण काय आहे, जागा, कच्चा माल की पोरं धंद्यात येत नाहीत. उत्तर ऐकल्याशिवाय योजना करू नका.

मग तारीख. ही एकदा ठरली की हलवायची नाही, पाहुणा कितीही मोठा असो. पुण्यात 1953 मध्ये भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला, आता डिसेंबर म्हटलं की लोक रजा टाकून गाड्या बुक करतात. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब 1937 ला गेले, मिरजेत त्यांच्या आठवणीत मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात दरवर्षी गाणं होतंच. माणसाला आधीपासून माहीत असलं तरच तो लॉजमध्ये राहतो, जेवतो, चार वस्तू घेऊन जातो.

जागा छोटीच बघा, शंभर माणसं बसतील एवढी, शाळेचा हॉलसुद्धा चालतो, आणि महिन्याला एक बैठक. यात एक व्यवहारी फायदा आहे, रात्री 10 नंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, सरकार वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण बंद सभागृहात आतल्या लोकांपुरता आवाज असेल तर तेवढी अडचण नसते. तरी दवाखाना शेजारी असेल तर जागा बदला, आणि शेजाऱ्यांना आधी जाऊन भेटा, तक्रार आल्यावर नाही.

स्थानिक कलाकाराला पाकीट द्या. 'तुला प्लॅटफॉर्म मिळतोय' हे वाक्य बंद करा, मंडपवाल्याला कोणी असं म्हणतं का? तिकीट पन्नास रुपये ठेवलं तरी चालेल, फुकट मात्र नको.

आणि दारात एक रजिस्टर ठेवा, कुठून आलात, कुठे राहिलात, काय खरेदी केली, एवढंच. पुढच्या बजेटच्या वेळी नगरसेवकासमोर भाषण करण्यापेक्षा ते रजिस्टर ठेवलेलं बरं. मोठ्या स्टेजचा विषय दोन-तीन वर्षांचं रजिस्टर भरल्यावर काढा, तोपर्यंत त्या पैशात पालिकेच्या शाळांतल्या कपाटात पडलेल्या हार्मोनियम पेट्या दुरुस्त करून घ्या आणि शिकवायला एक माणूस नेमा.